देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या देवासचे नाव चामुंडेच्या टेकडीमुळे जसे दूरवर गेलेले आहे, तसेच ते येथील बँक नोट प्रेसमुळेही गेलेले आहे. १९७४ पासून या गावी सरकारी नोटा छापल्या जातात. प्रत्येक नोटेवर सहा आकड्यांचा एक अनुक्रमांक असतो आणि तो बहुधा कोणी वाचीत नाही. आपली दृष्टी रकमेवर असते. नोटा छापण्याचा असाच एक कारखाना नाशिकरोड येथे आहे. तेथे हे काम १९२८ पासून चालू झाले. त्या कारखान्यापासून थोड्याच अंतरावर देवळाली हे गाव लागते. या देवळालीत एक शाळामास्तर असे होऊन गेले की, हाती नोट पडल्यास त्यांनी रकमेच्या आधी अनुक्रमांकच वाचला असता, असे त्यांचे चरित्र पाहता आम्हांस वाटते. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जगातील गणिती त्यांस आज एका चार आकडी संख्येमुळे ओळखतात. ती संख्या ६१७४.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू म्हणजे कोकणपट्टीचे उत्तरेकडील टोक. आम्ही त्याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडचे, घरी कोकणी बोलणारे. तेव्हा समुद्राकाठच्या माणसाची कथा सांगताना आमचा जीव त्यात अंमळ अधिक गुंतला, तर वाचकांनी ते समजून घ्यावे. त्यांचे वडील कारकून होते. घरची स्थिती बेताचीच. वडिलांस ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिषाच्या खरेखोटेपणाविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. परंतु पत्रिका मांडावयाची म्हणजे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार यांचा अखंड व्यवहार आलाच. तो व्यवहार घरात चाललेला दत्तात्रेय लहानपणापासून पाहत होता. तो आठ वर्षांचा असताना आई जानकीबाई वारल्या. पुढे वडिलांच्या सहवासात वाढत असता आकडेमोडीची जी गोडी त्यास लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाल्यावर १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी भूषविले होते. परांजपे हे १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झालेले पहिले हिंदी गृहस्थ; आणि तेही कोकणातलेच, दापोली तालुक्यातील मुर्डीचे. स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांच्या नावे एक पारितोषिक देण्यात येई. १९२७ साली ते कापरेकरांस मिळाले. १९२९ मध्ये ते विज्ञानाचे पदवीधर झाले. पदवीनंतरचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० साली ते देवळालीस शिक्षक झाले, ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. बत्तीस वर्षे एक गाव, एक विषय, एक फळा.

देवळाली हे लष्करी छावणीचे ठिकाण. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनेच्या महिने अडकून पडत आणि कंटाळून त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसास डूलाली म्हणण्याचा प्रघात पडला. देवळालीचे नाव अशा रीतीने इंग्रजी शब्दकोशात गेले. ते गणिताच्या ग्रंथांतही जावे, ही व्यवस्था मात्र आमच्या मास्तरांनी केली; ती कशी, हे पुढे येईलच.

कापरेकरांची काम करण्याची पद्धत साधी होती. एखादी संख्या घ्यावयाची आणि तिच्या अंकांशी खेळावयाचे: ते उलटे मांडावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, वर्ग करून त्याचे दोन तुकडे करावयाचे. हे करताना काही विलक्षण दिसले, तर ते एकाच संख्येपुरते आहे की तशा संख्यांचे एक कुळच आहे, याचा तपास घ्यावयाचा. अशी कुळे त्यांनी अनेक शोधली आणि एखाद्या घरातील वडील माणसाने मुलांची नावे ठेवावी, तशी त्यांस नावे ठेविली. एका कुळाचे नाव डेमलो. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर जुन्या जी. आय. पी. रेल्वेचे जे स्थानक आज डोंबिवली म्हणून ओळखले जाते, तेथे ही कल्पना त्यांस सुचली, म्हणून ते नाव. २५५३ ही अशी एक संख्या आहे. तिच्या दोन टोकांस २ आणि ३ आहेत. त्यांची बेरीज ५, आणि मधोमध ५ हाच अंक पुन्हा पुन्हा आलेला आहे. ४७७७३ चेही तसेच. केवळ एक या अंकाच्या बनलेल्या संख्यांचे वर्ग त्यांनी विशेष कौतुकाने पाहिले. नऊ एककांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. मुलांनी तो एकदा हाताने करून पाहावा. यंत्रावर केल्यास त्यातली मजा निम्मी होते.

दुसऱ्या एका कुळास आज जगभर कापरेकर संख्या असे म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. याचे दोन तुकडे करा: २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. देवासकरांस हे समजावून सांगण्यास फार प्रयास पडू नयेत. आपल्या गावाच्या १९४८ पर्यंत दोन पाती होत्या, थोरली आणि धाकटी. दोन गाद्या, दोन राजे, दोन कारभार, आणि दोहोंची बेरीज मात्र एकच देवास. ५५ चा वर्ग ३०२५, तुकडे ३० व २५. २९७ चा वर्ग ८८२०९, तुकडे ८८ व २०९. ७०३ चा वर्ग ४९४२०९, तुकडे ४९४ व २०९. २२२३ चा वर्ग ४९४१७२९ येतो. त्याचे तुकडे ४९४ आणि १७२९. हा १७२९ म्हणजे दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारांनी मांडता येणारी रामानुजनांची प्रसिद्ध संख्या. ती येथे अशी अवचित भेटते, तेव्हा प्रवासात ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखे होते.

आता ज्या संख्येमुळे कापरेकरांचे नाव झाले, तिच्याकडे वळू. हा शोध त्यांस १९४६ साली लागला. चार आकडी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यांत मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लावून लहानांत लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा जाता ९३५१. ९५३१ मधून १३५९ वजा जाता ८१७२. ८७२१ मधून १२७८ वजा जाता ७४४३. पुढे ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या वेळी ६१७४. आता ६१७४ वरच ती क्रिया करा: ७६४१ वजा १४६७, बाकी ६१७४. येथून पुढे हालचाल नाही. कोठूनही निघा, सात पावलांच्या आत याच संख्येशी येऊन थांबावे लागते. शोधाचे वर्ष १९४६ घेतले किंवा कापरेकरांच्या निधनाचे वर्ष १९८६ घेतले, तरी पहिल्याच पावलात ८१७२ येते आणि पुढचा मार्ग जन्मवर्षाचाच लागतो.

यात काही चमत्कार आहे असे कोणी समजू नये. कारण शोधले तर सापडते, आणि ते नववीच्या विद्यार्थ्यास कळण्यासारखे आहे. अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर पहिला आणि चौथा यांतील अंतर, तसेच दुसरा आणि तिसरा यांतील अंतर, ही दोनच अंतरे बाकी ठरवितात. पहिल्या अंतरास ९९९ ने आणि दुसऱ्यास ९० ने गुणून बेरीज केली की बाकी तयार. १९४६ मध्ये पहिले अंतर ९ वजा १ म्हणजे ८, दुसरे ६ वजा ४ म्हणजे २. १९८६ मध्येही ८ आणि २ च. मग बाकी निराळी कशी येईल? आरंभीची शून्ये धरून चार आकडी संख्या १०,०००. त्यांतून चारही अंक सारखे असलेल्या १० काढल्या की ९,९९० उरतात. परंतु अंतरांच्या जोड्या अवघ्या ५४ होतात. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत जवळजवळ दहा हजारांची गर्दी ५४ दारांतून आत येते, आणि पुढे ती दारे एकमेकांत मिळत जातात. तीन आकडी संख्यांसाठी अशीच एक संख्या आहे, ४९५. पाच आकड्यांवर गेले की मात्र असे एक मुक्कामाचे ठिकाण राहत नाही. संख्या ठराविक फेऱ्यांत फिरत राहतात. चार आकड्यांचे हे वैशिष्ट्य म्हणूनच लक्षात भरते.

१९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पुढे अमेरिकेतून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यांचे लेख आले. १९५५ चा लेख केवळ ६१७४ विषयी होता. परंतु स्वदेशातील बऱ्याच गणितज्ञांनी या कामाकडे हसून पाहिले. त्यांस ते क्षुल्लक वाटले. त्यामुळे बरेचसे लेखन कापरेकरांनी स्वतःच पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. खासगी छपाई, देवळाली, अशी नोंद त्यांवर असे. काहींवर प्रकाशक म्हणून ग्रंथकर्ताच, आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. शाळामास्तराच्या वेतनात छापखान्याचे बिल बसविणे म्हणजे काय, हे शिक्षकाच्या घरातील मंडळींस सांगावयास नको.

हसणाऱ्यांचे म्हणणे काय होते, तेही न्यायाने ऐकले पाहिजे. रामानुजनांचे गुण ओळखणारे इंग्लंडचे गणिती हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात असल्या गोष्टींचा निकाल आधीच लावून ठेविला होता. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. म्हणजे उलट लिहिलेल्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार आकडी संख्या या दोनच. असली माहिती वर्तमानपत्रांतील कोड्यांच्या सदरास शोभते, हौशी माणसाचे मन रमविते, पण गणितज्ञास तीत घेण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत. या मतास आधार आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो ते हातांस दहा बोटे आहेत म्हणून. मोजणीचा पाया आठ किंवा बारा धरला, तर ६१७४ चा हा गुण नाहीसा होतो. मूळ संख्येचे तसे नाही. सात ही संख्या कशीही लिहिली तरी मूळच राहते. अंकांचे गुण हे संख्येचे नसून तिच्या पोशाखाचे आहेत, असा हा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, पोशाखासही वीण असते. ५४ दारांचा जो हिशेब वर पाहिला, तो कोणत्याही पायावर मांडता येतो आणि प्रत्येक ठिकाणी निराळे उत्तर देतो. मग प्रश्न नाहीसा न होता उलट वाढतो. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट अशी की, या वजाबाकीस पाचवीतील मुलाची तयारी पुरते. ज्यांचे विषय समजण्यास दहा वर्षे शिकावे लागते, त्या पंडितांनी ही सोय फारशी मनात घेतली नसावी.

कापरेकरांच्या आणखी दोन कुळांचा परिचय करून देणे जरूर आहे. ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. दुसऱ्या कुळाची कल्पना याहून खोल आहे. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा; नवी संख्या जन्मते. २३ मध्ये ५ मिळविले की २८. २८ मध्ये १० मिळविले की ३८. मग ४९, ६२, ७०, अशी वंशावळ चालते. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. परंतु काही संख्यांस जनकच नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या तशा आहेत. मराठीत आपण त्यांस स्वयंभू म्हणू. स्वयंभू पाषाण कोणी घडविलेला नसतो, तसेच हे. १९६३ साली त्यांनी या संख्यांवर पुस्तिका काढली. आपल्या गावावरून त्यांस देवळाली संख्या म्हणावे, असे कापरेकरांच्या मनात होते आणि काही ग्रंथांतून ते नाव आजही आढळते.

त्यांच्या वडिलांनी माणसांच्या पत्रिका मांडल्या. आपण एका संख्येची मांडून पाहू. नोटेवर येऊ शकेल अशी सहा आकड्यांची १४२८५७ ही संख्या घेऊ. एकास सातांनी भागले असता दशांश चिन्हापुढे हेच सहा अंक फेर धरून येत राहतात; आवर्ती दशांश हा कापरेकरांचा आवडता विषय असून त्यावर त्यांच्या पुस्तिका आहेत. या संख्येची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, आणि सहापटीपर्यंत तेच अंक त्याच क्रमाने, केवळ आरंभ बदलून येतात. सातपट केली की ९९९९९९. आता तिची कुळे पाहू. तिच्या अंकांची बेरीज २७. भागाकार ५२९१, बाकी शून्य. म्हणून ती हर्षद. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तुकडे २०४०८ आणि १२२४४९. त्यांची बेरीज १४२८५७. म्हणून ती कापरेकर संख्या. ती स्वयंभू आहे काय? तिला नवांनी भाग जातो, तेव्हा जनक असलाच तर त्यासही नवांनी भाग जाणारच. आणि सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही. म्हणजे तपासावयाच्या संख्या अवघ्या सहा: १४२८४८, १४२८३९, १४२८३०, १४२८२१, १४२८१२ आणि १४२८०३. यांतील प्रत्येकीच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ येते, आणि कोणतीही मिळवून १४२८५७ होत नाही. म्हणून ती स्वयंभूही. मास्तरांची तीन कुळे एका संख्येत आली. आणि ६१७४? तिच्या अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. तेव्हा ती हर्षद आहे. पण स्वयंभू नाही. तिचा जनक ६१५६. कापरेकर संख्याही ती नव्हे. ज्या संख्येने त्यांचे नाव जगात नेले, ती त्यांच्या नावाच्या कुळातील नाही, ही गंमत आहे.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे गेले असे म्हणता येत नाही. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून चरितार्थासाठी त्यांस गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. लेखन मात्र चालूच होते. शाळा-महाविद्यालयांतून त्यांस व्याख्यानांस बोलावीत आणि ते आनंदाने जात. मग १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. ते सदर देशोदेशीचे गणिती वाचीत. खारेसवाड्याच्या पुस्तिकांत जे पडून होते, ते एका महिन्यात सर्वत्र पोहोचले. कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. हार्डींनी हिणविलेल्या सदरांपैकीच एका सदराने त्यांस न्याय द्यावा, यात एक प्रकारची संगती आहे. पुढे अकरा वर्षांनी, १९८६ साली, ते वारले.

नावांच्या बाबतीत मात्र त्यांस पुरता न्याय मिळालेला नाही. १९७७ साली अमेरिकन गणिती आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत हर्षद संख्यांविषयी भाषण केले, तेव्हापासून पुष्कळ लेखक त्यांस निव्हेन संख्या म्हणतात. देवळाली संख्यांस कोलंबियन संख्या असेही नाव पडले आहे. काम मात्र थांबलेले नाही. एकापाठोपाठ एक येणाऱ्या किती संख्या हर्षद असू शकतील, हा एक साधा प्रश्न. १ पासून १० पर्यंतच्या दहाही तशा आहेत. १९९३ साली कूपर आणि केनेडी या अमेरिकन गणितज्ञांनी सिद्ध केले की, सलग २१ संख्या हर्षद असणे शक्य नाही. २० मात्र असू शकतात. तशा वीस संख्यांचे गट त्यांनी बनवूनही दाखविले. त्यांतील सर्वांत लहान गटातील संख्या लिहावयाची झाली, तर तिला ४,४३६ कोटींहून अधिक अंक लागतात.